भाषणाच्या क्लबात मेंटर झालोय, आता नक्की करायचं काय?

काठावरचा (धागाकर्ता)

इथे टोस्टमास्टर्स (सदस्य एकमेकांसमोर भाषणाचा सराव करतात ते क्लब) किंवा तशा एखाद्या भाषण क्लबात जाणारे बरेच जण आहेत असं जुन्या प्रतिसादांवरून वाटतं, म्हणून हा धागा.

आमच्या क्लबाच्या शिक्षण उपाध्यक्षांनी, म्हणजे व्हीपी एज्युकेशननी, एका नव्या सदस्येची मेंटर म्हणून जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. सूचना एवढीच: 'हिला सांभाळून घे.' पाथवेज म्हणजे टोस्टमास्टर्सचा शिक्षणक्रम, त्याच्या दुसऱ्या पातळीतलं मेंटरिंगचं प्रोजेक्ट मी केलंय, पण त्यात आपण स्वतः कधी कुणाच्या हाताखाली शिकलो यावर ५ ते ७ मिनिटं बोलायचं असतं. बोललो, टाळ्या झाल्या, प्रोजेक्ट पूर्ण. प्रत्यक्ष कुणाचा मेंटर झाल्यावर काय करायचं हे त्यातून फारसं कळलं नाही.

तिचं पहिलं भाषण म्हणजे आइसब्रेकर. स्वतःची ओळख, ४ ते ६ मिनिटं. ती म्हणते, "माझ्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही हो, तुम्हीच काहीतरी लिहून द्या."

तर प्रश्न असे: लिहून द्यावं का? चुका कधी आणि किती सांगाव्या? तिच्या भाषणाचं मूल्यांकन मीच करू का? आणि हे सगळं किती दिवस चालतं?

---

वाचनमात्र

वाचतेय. मलाही पुढच्या महिन्यात हेच काम येणार आहे.

---

जुनी_खुर्ची

लिहून देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

'माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही' असं जवळपास प्रत्येक नवा माणूस म्हणतो. त्याचा अर्थ 'सांगण्यासारखं म्हणजे काय ते मला ठाऊक नाही' इतकाच असतो. त्याच्या डोक्यात भाषण म्हणजे पराक्रम किंवा उपदेश. आपल्या खात्यावर दोन्ही नाहीत असं त्याला प्रामाणिकपणे वाटत असतं.

मी काय करते ते सांगते. निवांत बसायचं, कागद-पेन माझ्या हातात, त्यांच्या नाही. मग प्रश्न. 'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न अजिबात नाही, त्याला उत्तर म्हणून बायोडेटा येतो. त्याऐवजी: घरातले लोक कुठल्या कामासाठी फक्त तुमच्याकडेच येतात? गेल्या काही दिवसांत कशावरून भयंकर चिडलात? कुठली गोष्ट तुम्ही सगळ्यांपेक्षा उशिरा शिकलात? असल्या प्रश्नांवर माणूस बोलायला लागतो आणि आपण भाषण करतोय हे विसरतो. तो बोलतो ती वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्यायची. सुधारायची नाहीत, व्याकरणसुद्धा नाही. शेवटी कागद त्यांच्या हातात द्यायचा: हे तुम्हीच आत्ता बोललात, यातलं काय ठेवायचं ते ठरवा.

यात दोन गोष्टी साधतात. भाषणाचा कच्चा माल त्यांच्याच तोंडचा असतो, त्यामुळे पाठांतराचा प्रश्न निम्म्याहून कमी होतो. आणि बोलता येतं याचा पुरावा त्यांच्यासमोर कागदावर असतो.

आइसब्रेकरचा नेहमीचा खड्डा म्हणजे 'माझा जन्म अमुक साली झाला' पासून आजपर्यंतचा प्रवास. सहा मिनिटांत आयुष्य मावत नाही. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर ते एकशेतीस शब्द होतात, म्हणजे सहा मिनिटांत फार तर पावणेआठशे शब्द. एवढ्यात एक गोष्ट नीट सांगून होते. कुठली एक, ते तिला निवडू द्या.

---

टाचणी

जुनी_खुर्ची, प्रतिसाद आवडला पण पटला नाही. व्याकरणसुद्धा सुधारायचं नाही म्हणजे अतीच झालं. माणूस क्लबात कशाला येतो? सुधारायला. मेंटरकडे अनुभव आहे, त्याला चूक दिसतेय आणि तो गप्प बसणार? उद्या ती मंचावर 'अं... म्हणजे... अं' करत उभी राहिली तर तोंडघशी तीच पडणार ना! आपल्याकडे गुरू म्हटलं की कान पिळणं आलंच.

---

वेळापत्रक

टाचणी, मी सध्या आमच्या क्लबात व्हीपी एज्युकेशन आहे म्हणून थोडं आतलं सांगतो.

त्या एका सभेत तिच्या चुका सांगायला किती जण बसलेले असतात बघा. मूल्यांकन करणारा दोन-तीन मिनिटं फक्त तिच्या भाषणावर बोलतो. ग्रामेरियन भाषेकडे बघतो. अह-काउंटर प्रत्येक 'अं' आणि 'म्हणजे' मोजतो. टायमर वेळ सांगतो. सभेच्या शेवटी जनरल इव्हॅल्युएटर उरलंसुरलं बोलून घेतो. वर सदस्यांच्या लेखी चिठ्ठ्या. म्हणजे चुका दाखवण्याची सोय ठासून भरलेली आहे. त्यात मेंटरनेही तेच केलं तर तो रांगेतला आणखी एक.

आणि गुरूचं म्हणाल तर ही रचनाच मुळात गुरूशिवायची आहे. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे वायएमसीए या युवक संस्थेच्या इमारतीत हा उद्योग सुरू केला तेव्हाही शिकवणारा मास्तर मध्यभागी नव्हता. सदस्यांनी आळीपाळीने बोलायचं, आळीपाळीने सभा चालवायची, एकमेकांना काय वाटलं ते सांगायचं. मेंटर हा त्यातलाच थोडा पुढे गेलेला सदस्य. त्याला भाषण कसं करायचं याहीपेक्षा क्लबात कसं वावरायचं हे जास्त माहीत असतं, आणि नव्या माणसाला आधी त्याचीच गरज असते.

काठावरचा, म्हणून माझा सल्ला: भाषणाच्या आधी तिला टायमरची भूमिका घ्यायला लावा. टायमरला सभेच्या सुरुवातीला उठून आपलं काम काय ते सांगावं लागतं. मजकूर जवळपास ठरलेला असतो: आइसब्रेकरला चार मिनिटांना हिरवा दिवा, पाचला पिवळा, सहाला लाल. अर्ध्या-एक मिनिटाचं बोलणं, विषय स्वतःचा नाही, चुकण्यासारखं फार काही नाही. पण सगळ्यांसमोर उभं राहून आवाज काढण्याचा पहिला अनुभव तिथे होऊन जातो. शिवाय सभाभर दिवे दाखवताना दुसरे वक्ते वेळ कसा घालवतात ते आपोआप दिसतं. प्रस्तावनेतच दोन मिनिटं घालवणारा आणि लाल दिव्यानंतर घाईघाईने गुंडाळणारा, हे दोघे एकदा टायमरच्या खुर्चीतून बघितले की वेळेवर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. मग अह-काउंटर, मग टेबल टॉपिक्सला, म्हणजे आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर, एक-दोन मिनिटं, मग भाषण. क्रम पुढेमागे झाला तरी चालतो.

---

भिडस्त

मी पलीकडच्या बाजूने लिहिते, कारण मी फार जुनी सदस्य नाही.

माझ्या पहिल्या मेंटरनी माझं भाषण वाचलं आणि पूर्ण नव्याने लिहून दिलं. हेतू चांगलाच होता, त्यांनी त्यासाठी आपली रात्र घालवली. भाषण सुंदर झालं. पाठ केलं, म्हटलं, लोकांना आवडलं, सर्वोत्कृष्ट वक्त्याची रिबनही मिळाली. आणि त्यानंतर मी क्लबात जायचं टाळायला लागले. कारण पुढचं भाषण मला त्याच तोडीचं द्यावं लागणार होतं आणि ते मला येत नव्हतं हे फक्त मला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा एक दिवस मिरवता येतो, रोज कसा घालणार?

पुढे मेंटर बदलले. नव्या मेंटर ताई भाषणाबद्दल जवळजवळ काहीच बोलायच्या नाहीत. 'पुढची तारीख घेतलीस का?' एवढंच विचारायच्या. सुरुवातीला वाटलं, या काही शिकवत नाहीत. मग लक्षात आलं की तारीख घेतल्यावर भाषण लिहावंच लागतं.

---

जुनी_खुर्ची

भिडस्त, अगदी हेच. मेंटरचं काम भाषण चांगलं करणं नाही, भाषणं होत राहतील हे बघणं. चांगली ती होत-होत होतात. पहिलं बरं झालं की वाईट यावर फारसं काही अवलंबून नसतं, पहिल्या आणि दुसऱ्यात किती मोठी फट पडते यावर बरंच काही असतं. आइसब्रेकरनंतर तीन-चार महिने गेले की तो सदस्य पुन्हा नवा होऊन बसतो. म्हणून आइसब्रेकर व्हायच्या आधीच दुसऱ्या भाषणाची तारीख यादीत घालून टाका. नंतर विचारलंत तर 'आधी हे तर होऊ दे' किंवा 'आता जरा थांबते' यातलं एक ऐकायला मिळेल.

---

मधलं_पान

टाचणी यांच्या मुद्द्यावर थोडं. अभिप्राय दिला की माणूस सुधारतो असं आपण धरूनच चालतो. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या तोपर्यंतच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी कामगिरी अभिप्रायानंतर उलट घसरली होती. त्यांनी लावलेली कारणमीमांसा अशी की अभिप्राय जितका कामावरून लक्ष उडवून 'मी कसा आहे' याकडे नेतो तितका त्याचा उपयोग कमी होतो.

आता मंचावरच्या नवख्या माणसाचं लक्ष आधीच स्वतःवर खिळलेलं असतं. त्याला 'तू घाबरलेली दिसत होतीस' म्हणणं म्हणजे तेच लक्ष अजून घट्ट करणं. त्यापेक्षा 'तुझी दुसरी गोष्ट सुरू कधी झाली ते मला कळलं नाही, मध्ये एक श्वास थांब' हे कामावरचं बोलणं झालं. दोन्हीत चूकच दाखवलीय, पण दुसऱ्या वाक्यावर पुढच्या वेळी काहीतरी करता येतं.

भीतीबद्दलही दोन कामाच्या गोष्टी आहेत. एक, आपली धडधड समोरच्यांना स्पष्ट दिसतेय असं वक्त्याला वाटतं, प्रत्यक्षात ती तितकी दिसत नाही. सॅवित्स्की आणि गिलोविच यांच्या २००३ मधल्या प्रयोगात ही गोष्ट ज्यांना भाषणाआधी समजावून सांगितली त्यांची भाषणं जास्त चांगली झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्या मतेही. हे सांगायला काही कौशल्य लागत नाही, भाषणाच्या आदल्या दिवशी दोन वाक्यांत सांगता येतं. दुसरी, अॅलिसन वूड ब्रुक्स यांचा २०१४ चा अभ्यास: 'मी शांत आहे' असं स्वतःला बजावण्यापेक्षा 'मला उत्सुकता वाटतेय' असं म्हणणाऱ्यांचं बोलणं जास्त प्रभावी ठरलं. धडधडणारं शरीर एकदम शांत करणं अवघड, त्याच धडधडीला दुसरं नाव देणं सोपं. तेव्हा 'घाबरू नकोस, शांत राहा' हा आपला नेहमीचा सल्ला मेंटरने खिशातच ठेवलेला बरा.

---

वाचनमात्र

मधलं_पान, हे भारी आहे. 'शांत राहा' ऐकलं की मला तर हटकून जास्त घाम फुटतो.

---

टाचणी

ठीक आहे, नवख्यांच्या बाबतीत माघार. पण स्पर्धेला उभं राहणाऱ्यांचं काय? तिथे 'तुझ्या शब्दांत बोल, तुझ्या गतीने चल' करून भागत नाही. टोस्टमास्टर्सच्या आंतरराष्ट्रीय भाषण स्पर्धेत साडेचार मिनिटांच्या आत संपलं किंवा साडेसात मिनिटांच्या पुढे गेलं की थेट बाद. प्रत्येक वाक्य तासून घ्यावं लागतं आणि ते तासायला कुणीतरी निर्दयी माणूस लागतो.

---

जुनी_खुर्ची

लागतोच. पण तो त्या भाषणापुरता प्रशिक्षक. एक भाषण, एक तारीख, एक निकाल, काम संपलं. मेंटर माणसाबरोबर असतो. एकच व्यक्ती दोन्ही करू शकते, फक्त आज आपण कुठल्या खुर्चीत बसलोय ते आधी बोलून घ्यावं. आणि खरं सांगायचं तर स्पर्धेसाठी तासून घ्यायला बाहेरचा माणूस बरा. मेंटरला त्या वाक्यामागची कहाणी माहीत असते, त्याचं मन कापाकापीला धजत नाही.

त्यावरून काठावरचा यांचा तिसरा प्रश्न. तिच्या पहिल्या भाषणाचं मूल्यांकन तुम्ही करू नका. ती काय म्हणणार आहे ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल, त्यामुळे जे नीट पोचलं नाही तेही तुम्हाला पोचल्यासारखं वाटेल. मूल्यांकन करणाऱ्याने कोऱ्या कानाने ऐकलं तरच त्या भाषणाचं खरं काय झालं ते कळतं. तुमचं काम त्यानंतर सुरू होतं. तिच्या हातात दहा-बारा चिठ्ठ्या असतील: हात हलव, हात कमी हलव, हळू बोल, जोशात बोल. सगळ्या परस्परविरोधी. तिच्याबरोबर बसून त्यातली एकच निवडायला मदत करा आणि बाकीच्या पाकिटात घालून ठेवा म्हणावं. पहिल्या पातळीतलं मूल्यांकन आणि अभिप्रायाचं प्रोजेक्ट नेमकं याच सवयीसाठी आहे: एक भाषण द्यायचं, मिळालेला अभिप्राय पुढच्या भाषणात वापरायचा, आणि नंतर स्वतः दुसऱ्या कुणाचं मूल्यांकन करायचं. बरेच लोक ते नुसतं उरकतात.

---

वेळापत्रक

जोड्या लावण्याबद्दलही बोलतो, कारण खापर शेवटी आमच्यावरच फुटतं. 😀

मी पूर्वी स्वभाव बघून जोड्या लावायचो. बोलक्याला अबोल, अनुभवीला नवखा वगैरे. आता आधी वेळ बघतो. दोघांना एकाच सुमारास मोकळा वेळ असेल तर जोडी टिकते. एक पहाटे उठणारा आणि दुसरा रात्री जागणारा असेल तर स्वभाव कितीही जुळोत, निरोपांवर निरोप साचत जातात आणि मग दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

पहिल्या भेटीतच साध्या गोष्टी ठरवून टाका. फोन की मेसेज? किती दिवसांत उत्तर मिळेल? भाषणाच्या किती आधी कच्चा आराखडा हवा? आणि हे चालायचं कुठपर्यंत? मी 'पहिली तीन भाषणं' असं सांगतो. शेवट ठरलेला असला की मागणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि देणाऱ्याला ओझं वाटत नाही. नाही जमली जोडी तर सरळ व्हीपी एज्युकेशनला सांगायचं, बदलून मिळते. यात कुणाचा अपमान नाही, पण लोक उगाच महिनोन्महिने ओढत बसतात.

अजून एक, हे कुठल्याही पुस्तिकेपेक्षा महत्त्वाचं: भाषणानंतर सलग दोन सभांना माणूस दिसला नाही तर तिसऱ्या सभेची वाट न बघता फोन करा. 'का आला नाहीस' विचारायला नाही. पुढच्या सभेत एखादं छोटं काम आहे, करशील का, असं विचारायला. आपली उणीव भासतेय हे कळलं की माणूस येतो. चौकशी झाली की तो कारणं सांगतो.

---

मधलं_पान

'किती दिवस' या प्रश्नाला कॅथी क्रॅम यांचं काम उपयोगी पडेल. त्यांनी नोकरीतल्या मेंटर-शिष्य जोड्यांचा अभ्यास करून १९८३ मध्ये या नात्याचे चार टप्पे मांडले: सुरुवात, बहर, वेगळं होणं आणि नव्याने ओळख. क्लबातलं नातं त्यापेक्षा खूपच लहान असतं, पण टप्पे तेच दिसतात. तिसरा टप्पा मेंटरला जड जातो. शिष्य न विचारता भाषण देऊन मोकळा होतो, कधी आपला सल्ला डावलून देतो, आणि ते चांगलंही होतं. हे बिनसल्याचं नव्हे, जमल्याचं लक्षण आहे. तिथे रुसणारे मेंटर मी बघितले आहेत.

---

भिडस्त

रुसणारे मेंटर!! एकदम पटलं.

अवांतर: माझ्या त्या दुसऱ्या मेंटर ताईंच्या भाषणाचं मूल्यांकन अलीकडेच मी केलं. 'सुरुवात लांबली' असं सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांनी टिपून घेतलं.

---

काठावरचा

सगळ्यांचे आभार, इतकं भरभरून येईल असं वाटलं नव्हतं. काल तिला भेटलो. जुनी_खुर्ची यांचा 'घरातले लोक कुठल्या कामासाठी फक्त तुमच्याकडेच येतात' हा प्रश्न विचारला. उत्तर आलं: कुठल्याही कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून भांडायला. बिल चुकलं, वस्तू बिघडलेली आली, पैसे अडकले, की सगळं घर फोन तिच्या हातात देतं. आणि मग ती जी सुटली! समोरचा 'होल्डवर ठेवतो' म्हणाला की काय म्हणायचं, वरिष्ठ कसे मागायचे, आवाज चढवायचा कधी आणि एकदम मऊ कधी करायचा. मी नुसता लिहीत होतो. हिला म्हणे बोलता येत नाही!

कागद दिला तेव्हा बराच वेळ वाचत बसली. मग म्हणाली, "पण हे भाषणासारखं वाटत नाही." मी म्हटलं तसंच राहू दे. टायमरचं कामही तिने पुढच्या सभेला घेतलंय. आइसब्रेकर त्यानंतरच्या सभेत, आणि दुसऱ्या भाषणाची तारीखही यादीत घातली. थोडी कुरकुर झाली, पण घातली.

आता किरकोळ प्रश्न. तालीम किती वेळा ऐकू? आणि भाषणाच्या दिवशी मी कुठे बसू? हसू नका, खरंच विचारतोय.

---

टाचणी

हेल्पलाइनवाल्या बाईंना माझ्याकडे पाठवा, माझे पैसे अडकलेत एका ठिकाणी.

---

जुनी_खुर्ची

हसत नाहीये, प्रश्न चांगला आहे.

तालीम एकदा पूर्ण ऐका, मध्ये न थांबवता, घड्याळ लावून. मग विचारा, कुठे अडखळल्यासारखं वाटलं? ती सांगेल तेवढ्याच जागेवर काम करा. दुसऱ्यांदा फक्त सुरुवातीची आणि शेवटची तीन-चार वाक्यं ऐका, ती घट्ट असली की मधलं सांडलं तरी सावरता येतं. तिसऱ्यांदा तिने मागितलं तर. दर वेळी संपूर्ण भाषण तुमच्यासमोरच झालं तर ती तुमच्या चेहऱ्याकडे बघून बोलायला शिकेल.

म्हणून बसायचंही अगदी समोर नाही. जरा बाजूला, मधल्या रांगेत, तिने शोधलं तर सापडाल असं. तिचं भाषण तुम्हाला पाठ झालेलं असेल, तेव्हा ओठ हलू देऊ नका. ती अडकली तर शब्द सुचवू नका, चार-पाच सेकंदांत तिचा तिला सापडतो. हातात कागद नको, नाहीतर तिला वाटेल तुम्ही ताडून बघताय. आणि मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल तर आधी तिला विचारून घ्या.